कामिनीच्या फोटोतला फोटो

"आई, या फोटोच्या आत दुसरा फोटो आहे," असं माझी मुलगी मला म्हणाली, तेव्हा मी मोबाईल उलटा करून मागची बाजू पाहिली. हसा, हसा. कामिनीही हसली होती. पण जिने जन्मभर मागासाठी कोशाच्या रेशमी धाग्याच्या कांड्या भरल्या तिला कोणी 'आत' म्हटलं की मागे पाहायचीच सवय. साडीची उलटी बाजू पाहिली की विणणाऱ्याची सगळी लबाडी कळते. मोबाईलच्या मागे मात्र नुसतं तडकलेलं कव्हर होतं.

आम्ही पवनीचे. माझे यजमान हिरालाल अजूनही घरच्या मागावर करवती काठाच्या साड्या विणतात. दिवसभरात बोलतील ती वाक्यं मोजायला एका हाताची बोटं पुरतात, बाकीचं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलेलं आहे. कामिनी आमची एकुलती एक. नागपूरला एम.टेक. झाली आणि तिथल्याच एका कॉलेजात शिकवते. हुशार आहे, नाकीडोळी नीटस आहे, आणि डाव्या गालावर कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत पांढरा डाग आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना बोराएवढा दिसला होता. मग वाढत गेला.

मी काय नाही केलं? नागपूरचे डॉक्टर झाले, अड्याळचे वैद्य झाले, बावचीचं तेल झालं. दही बंद, लोणचं बंद, मासे बंद. "हे दुसऱ्याला लागत नाही, हिच्या तब्येतीला काही धोका नाही," असं डॉक्टर सांगायचे, आणि मी मान डोलवून घरी येऊन पुन्हा तेल लावायचे. लोकांनी विचारलं तर दूध उतू जाऊन भाजलं म्हणून सांगायचे. कामिनी ऐकून घ्यायची. नागपूरला गेल्यावर तिने तेल सोडलं, दही सुरू केलं आणि मला तसं फोनवर कळवलंही.

लग्नाचं म्हणाल तर आधी दोन ठिकाणी फोटोवरच गाडी अडली. एकांनी "पत्रिका जुळत नाही" म्हणून सांगितलं. आम्ही पत्रिका पाठवलीच नव्हती. मग माझा थोरला भाऊ मैदानात उतरला. वासुदेवदादा म्हणजे आमच्या समाजाचं चालतंबोलतं वधू-वर सूचक मंडळ. व्हॉट्सॲपवर त्याचा ग्रुप आहे, त्यात भंडाऱ्यापासून तुमसर-लाखनीपर्यंत घरटी एक माणूस आहे. दादा म्हणाला, "ललिता, फोटो साफ करून घे. स्टुडिओवाला पाच मिनिटांत डाग पुसून देते. एकदा पोरगं घरी आलं, पोरगी बोलली-चालली, की डागाकडे कोण पाहून राहिलं?"

मला ते पटलं. खरं सांगते, पटलं. आईचं मन चोराचं असतं. पण कामिनीने ऐकलं आणि घर डोक्यावर घेतलं. "गावभर लपवा, मले फरक नाही पडत. ग्रुपमधल्या बाया माझ्या गालाच्या गोष्टी चघळत चटणी-भाकर खातीन, त्यापेक्षा न पाहिलेला बरा. पण ज्याच्याशी लग्न करायचं त्याच्यापासून मी नाही लपवणार."

"अवं, मग दोन फोटो पाठवायचे का? एक गावाले, एक त्याले?"

"एकच फोटो पाठवू," ती म्हणाली. आणि दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन दोन दिवस माडीवर बसली. नंतर खाली येऊन तिने मला तो मोबाईल दाखवला, आणि मी तो उलटा केला.

फोटोत ती कोशाची साडी नेसून उभी होती, मागे आमची निळी भिंत आणि पेरूचं झाड. गाल स्वच्छ. एकदम दहावीतली कामिनी. मला गलबलून आलं. मी म्हटलं, "किती छान दिसून राहिली तू!" तिचं तोंड उतरलं. मी काय चुकीचं बोलले ते मला तेव्हा कळलं नाही.

"आता नीट ऐक," ती म्हणाली. शिकवायला लागली की तिचा आवाज बदलतो. "फोटो म्हणजे ठिपके. लाखो ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा एक आकडा असते, किती उजेड अन् किती अंधार त्याचा. एखाद्या ठिपक्याचा आकडा मी एकाने वाढवला, तर तुह्या डोळ्याले समजन काय?"

"नाही समजत."

"तेवढ्याशा फरकात मी डागाचे सगळे आकडे लपवले. साडीत लपवले, झाडात लपवले, भिंतीत लपवले. मी एक पेज बनवलं आहे. त्यात हा फोटो टाकायचा, पासवर्ड टाकायचा. की डागाचे आकडे आपल्या जागी येते, अन् साडी, झाड, भिंत पहिले होती तशीच्या तशी होते. एक ठिपका इकडचा तिकडे नाही. माझं कॉलेजातलं काम हेच आहे आई. लपवायचं, पण असं, की मूळ फोटो पुरा परत मिळाला पाहिजे."

तिने माझ्यासमोर करून दाखवलं. पासवर्ड टाकला, पडदा जरासा थांबला, आणि तिच्या गालावर डाग परत आला. कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत, जसाच्या तसा. पुन्हा तिने तो साफ फोटो उघडला, डाग गायब. मी दोन्हींकडे पाहत राहिले.

"म्हणजे डाग गेला की आहे?"

"दिसायले गेला. आत आहे."

"मग हे खरं की खोटं?"

कामिनीने मोबाईल परत घेतला. "तुले पाहिजे होतं की दिसायले नको. मले पाहिजे होतं की लपवायले नको. दोघींचं झालं न?" ती म्हणाली. मला तिच्या आवाजावरून वाटलं, की खरं की खोटं हे तिलाही पक्कं ठाऊक नव्हतं.

तिची अट एकच. पासवर्ड फक्त मुलाला द्यायचा, आणि त्याने मूळ फोटो पाहिल्यावर त्याची इच्छा असेल तरच यायचं. आणि हो, फोटो पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप त्याला दाबून लहान करतं, ठिपक्यांचे आकडे बदलतात आणि आतलं सगळं मरतं. हे तिने मला तीनदा सांगितलं, दादाला चारदा. दादा प्रत्येक वेळी "समजलं, समजलं" म्हणाला. माझा भाऊ इतक्या लवकर समजतो, तेव्हा खरं तर माणसाने घाबरायला पाहिजे.

पंधरवड्यात तुमसरहून निरोप आला. मुलगा कुंदन, तिथल्या एका राईस मिलमध्ये सुपरवायझर. आई रुखमिणीबाई, वडील घनश्यामजी, घर स्वतःचं. दादा फोनवर ओरडून सांगत होता, "फोटो पसंत आहे त्यायले! येत्या रविवारी पाहायले येऊन राहिले!"

"दादा, पासवर्ड दिला होता न तू पोराले?"

"दिला न बाप्पा. त्याच दिवशी दिला. पेजचा पत्ता, पासवर्ड, सगळं."

मी फोन ठेवला आणि पायरीवर बसले. म्हणजे त्या मुलाने डाग पाहिला, आणि तरीही तो येतोय. हे कसं शक्य आहे? माझ्या मनात काय काय आलं. मुलातच काही खोट असेल. दारू पीत असेल. आधीचं लग्न मोडलेलं असेल. मी लाखनीच्या माझ्या नणंदेकडून चौकशी केली, तर मुलगा निर्व्यसनी निघाला, आणि माझा गोंधळ आणखी वाढला. त्यात नणंदेने एक भर घातली. कुंदन मिलमध्ये कोणतं मशीन सांभाळतो, तर सॉर्टेक्स. तांदूळ पन्हाळीतून खाली पडत असतो, कॅमेरा एकेक दाणा पाहतो, आणि ज्या दाण्यावर डाग दिसेल त्याला हवेच्या फटक्याने बाजूला उडवतो. आता सांगा! असला माणूस माझ्या मुलीला पाहायला येणार! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

कामिनीला मी हे सांगितलं, तर तिला उलट आनंद झाला. "म्हणजे त्याले फोटो समजत असन," ती म्हणाली. पाहणीआधी मुला-मुलीने बोलायचं नाही ही दादाच्या मंडळाची शिस्त, म्हणून ती बोलली नाही त्याच्याशी. पण शनिवारी घरी आली तीच गुणगुणत. कितीतरी वर्षांनी मी तिला आरशासमोर केस वर बांधताना पाहिलं. एरवी ती डाव्या बाजूला केस मोकळे सोडायची, गाल झाकायचा म्हणून. तिचे बाबा मागावरून उठून दारात आले, पाहिलं, आणि परत जाऊन बसले. माग मात्र बराच वेळ वाजला नाही.

रविवारी सकाळी दादा आला. पांढरा सदरा, अत्तर, हातात पेढ्यांचा पुडा. मी पोह्यांसाठी आलू चिरत होते. दादा माझ्याजवळ खुर्ची ओढून बसला आणि सहज, म्हणजे पाऊस येईल असं वाटतं म्हणावं तितक्या सहज, म्हणाला, "पोरगं मोठं सरळ आहे हो ललिता. मले फोन केला होता त्याने. म्हणे मामाजी, त्या पेजवर फोटो टाकला, पासवर्ड टाकला, पण पेज म्हणते की या फोटोत काहीच नाही."

माझ्या हातातला चाकू थांबला. "मग तू काय म्हटलं?"

"म्हटलं, नसन तर नसन बावा. ते पोरीच्या कॉलेजचं काहीतरी आहे, तू टेन्शन नको घेऊ. दिसते तसंच आहे."

"दिसते तसंच आहे?" माझा आवाज इतका चढला की दादाने आतल्या खोलीकडे पाहिलं. मग मी दात आवळून बोलले. "त्याने डाग पाहिलाच नाही म्हणते काय तू? काहून नाही उघडला? डॉक्युमेंट म्हणून पाठवलं होतं न?"

"अवं, ग्रुपवर डॉक्युमेंट कोण उघडून पाहते? फोटो दिसला पाहिजे न! अन् ग्रुपवर टाकला तोच त्यालेही पाठवला. दोन-दोन फाईली कोण सांभाळन?" त्याने मोबाईल काढून दाखवला. कामिनीचा तोच फोटो. आणि खाली, तिच्या साडीच्या निऱ्यांवर आडवं, लाल ठळक अक्षरांत: 'संपर्क : वासुदेवराव नंदनवार', पुढे मोबाईल नंबर, आणि दोन्ही बाजूंना गुलाबाची फुलं.

"हे काय?"

"सगळ्याच फोटोवर टाकतो मी. मागच्या वर्षी लाखनीच्या कैलाशने माझ्या ग्रुपमधले तीन फोटो उचलले अन् सोयरिकी आपल्या नावावर जमवल्या. तेव्हापासून नंबर टाकल्याशिवाय एक फोटो सोडत नाही मी."

करायला गेलो काय आणि उलटे झाले पाय! ज्या साडीत माझ्या मुलीने आपलं खरं लपवलं होतं, त्याच साडीवर माझ्या भावाने गुलाब उमलवले होते. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, सख्खा भाऊ आहे. तो बिचारा "पण फोटो तर चांगला दिसून राहिला" एवढंच म्हणत होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पाहुण्यांनी अड्याळ सोडलं होतं.

मी आतल्या खोलीत गेले. हातात पावडरची डबी होती. ती मी कधी उचलली ते मला आठवत नाही. कामिनी आरशासमोर बसली होती, केस वर, मान मोकळी, अंगावर बाबांनी विणलेली साडी. खिडकीतला उजेड थेट तिच्या डाव्या गालावर पडला होता.

"थोडी लाव," मी डबी पुढे केली.

"कायले?" ती हसली. "त्यायनं पाहिलं आहे न, आई. आता कोणासाठी लपवू?"

आता सांगितलं, तर ही बाहेर येणार नाही. आजच नाही, कधीच येणार नाही, कोणासमोरच नाही, कारण विश्वासाने केस बांधायला हिला किती वर्षं लागली ते मी पाहिलं होतं. आणि नाही सांगितलं, तर ही अशीच, उघड्या गालाने, हसत त्या लोकांसमोर जाऊन बसेल, आणि मग त्यांचे चेहरे बदलतील. ते बदलताना ही पाहील. पावडर लावली तर खोटं, न लावली तर फजिती. कोणती आई कशातून काय निवडेल, मला सांगा. मी डबी पदराखाली लपवली आणि बाहेर आले.

यजमान मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसते बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी विचारलं, "आता काय करायचं?"

"सांग त्यायले," ते म्हणाले. "ती येण्याच्या पहिले. मले नाही जमत, तुले जमते."

मला जमतं! सगळ्या गोष्टी मलाच जमतात या घरात. पण त्या क्षणी मला रागही नीट आला नाही. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

पाहुणे बसले. पाणी झालं, प्रवासाची विचारपूस झाली, यंदा धानाला काय भाव मिळेल ते झालं. कुंदन सडसडीत, सावळा, हाताला सतत काहीतरी काम लागणाऱ्यांपैकी. रिकाम्या ग्लासाला बोटाने गोल गोल फिरवत होता. रुखमिणीबाई आमच्या भिंतीवरचे फोटो एकेक करून पाहत होत्या. दादा मोठ्याने बोलत होता आणि माझ्याकडे पाहणं टाळत होता. मी मनात वाक्य जुळवत होते. आमच्या मुलीला थोडंसं... म्हणजे तिच्या गालाला जरासा... लहानपणी नाही, पण नंतर... एकही वाक्य पुढे जाईना.

रुखमिणीबाई म्हणाल्या, "आणा जी आता पोरीले. फोटोत तर लक्ष्मीवाणी दिसते."

मी उभी राहिले. "थांबा जी," मी म्हटलं. "पहिले माझं ऐका. त्या फोटोत जे नाही, ते सांगते. माझ्या पोरीले कोड आहे. डाव्या गालावर, इथून इथपर्यंत." मी माझ्याच गालावरून बोट फिरवलं. कोड हा शब्द माझ्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा निघाला. डॉक्टरांपुढेसुद्धा मी नुसतं 'हे' म्हणायचे. "तिनं ते तुमच्यापासून नाही लपवलं. तिनं फोटोच्या आत ठेवलं होतं, तुमच्या पोराले पाहायसाठी. आमच्याकडून ते मोडलं. तिले अजून माहीत नाही की तुम्ही पाहिलं नाही. तिले वाटते तुम्ही पाहून आले. उठून जायचं असन तर आत्ताच जा. ती समोर आल्यावर नका जाऊ, एवढंच मागणं आहे."

घनश्यामजींनी बायकोकडे पाहिलं. रुखमिणीबाईंनी पदर सावरला, म्हणजे उठायच्या आधी बायका सावरतात तसा. दादा पेढ्यांच्या पुड्याचा दोरा सोडत होता, पुन्हा बांधत होता.

आणि आतलं दार उघडलं. कामिनी उभी होती. हातात ट्रे वगैरे काही नव्हतं. तिने सगळं ऐकलं होतं, हे तिच्याकडे पाहताच कळलं. चेहरा पांढराफटक, त्यात डाग कुठे सुरू होतो तेही समजेना. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. सरळ कुंदनपुढे जाऊन हात केला. "फोटो दाखवता का?"

त्याने मुकाट्याने मोबाईल दिला. कामिनीने फोटो बोटांनी मोठा केला. लाल नंबर पाहिला, गुलाब पाहिले. "मामा," ती हळूच म्हणाली. दादा म्हणाला, "बेटा, तो कैलाश..." आणि पुन्हा पुड्याच्या दोऱ्याला लागला. मला वाटलं ती आता रडेल, नाहीतर फोन आपटेल. तिने मोबाईल परत केला आणि कुंदनला विचारलं, "पेज म्हणालं की यात काही नाही. तरी तुम्ही आलात. काहून?"

कुंदन उभा राहिला. त्याच्या आईने त्याची बाही ओढली, ती त्याने सोडवली. "पासवर्ड कोणी उगाच नाही देत," तो म्हणाला. "काहीतरी आहे एवढं समजलं होतं. काय आहे ते नव्हतं समजलं. म्हटलं जाऊन पाहू." ग्लास फिरवायला मिळेना म्हणून त्याने हात पँटला पुसले. "अन् खरं सांगू? तो फोटो उघडला असता, तर मी बहुतेक आलो नसतो."

मेल्या! माझ्या घरात बसून, माझं पाणी पिऊन, माझ्या मुलीच्या तोंडावर! माझ्या हातात खरोखरच काही असतं तर मी फेकलं असतं. यजमान अर्धे उठले होते. रुखमिणीबाई म्हणाल्या, "कुंदन, असं बोलतेत का रे?" आणि दुसऱ्या कोणाच्याही आधी मला वाटलं, संपलं. दादाच्या गाढवपणाने हा मुलगा इथे आला होता, आणि आता स्वतःच्या खरेपणाने जाणार होता. यात कोणाचे आभार मानायचे आणि कोणाला झोडायचं, माझं मलाच कळेना.

पण कामिनी त्याच्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. तिला एखादं गणित सुटत नसलं की ती पाहते तसं. "बरं," ती शेवटी म्हणाली. खिडकीजवळची खुर्ची तिने ओढली, उजेडाकडे डावा गाल करून बसली, आणि म्हणाली, "मग आता पाहा. नीट पाहा. घाई नाही आहे."

त्याने पाहिलं. मी लोकांना माझ्या मुलीकडे पाहताना खूप पाहिलं आहे. बघून चटकन नजर वळवणारे, न बघितल्यासारखं करून चोरून बघणारे, कीव करणारे. हा तसा नव्हता. हा नुसता पाहत होता. इतका वेळ पाहत होता की मला वाटलं आता याच्या तोंडून हो निघेल किंवा नाही निघेल, आणि मी पदराखालची ती डबी घट्ट धरून उभी राहिले.

"दुखते काय हे?" त्याने विचारलं.

"नाही," कामिनी म्हणाली. मग म्हणाली, "उन्हात चुरचुरते. मे महिन्यात लय. रात्री ओला रुमाल ठेवून झोपावं लागते."

महिनोन्‌महिने मी त्या गालाला तेल लावलं होतं. दुखतं का म्हणून तिला एकदाही विचारलं नव्हतं.